अल्पकाळासाठी घर भाड्याने देताना: स्वच्छता राखायची कशी आणि पाहुण्याच्या देशावरून भेदभाव टाळायचा कसा

चार-आठ दिवसांसाठी घर किंवा खोली भाड्याने द्यायला लागले की पहिल्या काही महिन्यांतच बऱ्याच यजमानांच्या मनात एक यादी तयार होऊ लागते. अमक्या देशाचे लोक घर आरशासारखे ठेवून जातात, तमक्या देशाचे आले की बाथरूमची वाट लागते. ही यादी कुणी मुद्दाम करत नाही. दमलेल्या अवस्थेत, पुढचा पाहुणा दोन तासांत येणार असताना, ओल्या फरशीकडे बघत ती मनात उतरते. मग पुढची विनंती आली की नाव वाचून हात आखडतो.

इथेच नुकसान सुरू होते. ज्या माणसाने तुमच्या घरात पाऊलही ठेवलेले नाही, त्याला दुसऱ्याच कुणाच्या ओल्या फरशीची शिक्षा मिळते. आणि फरशी ओली का राहिली हे शोधायचे राहूनच जाते, त्यामुळे ती पुढेही ओलीच राहते. म्हणून नव्या यजमानांनी पहिल्या बुकिंगच्या आधीपासून काय काय करावे, ते इथे क्रमाने दिले आहे.

आधी हद्द समजून घ्या

एखाद्या पाहुण्याला नकार देण्याची रास्त कारणे असतात. घराच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसे, पार्टीचा बेत, धूम्रपानबंदी मान्य नसणे किंवा त्याच व्यक्तीबद्दल आधीच्या यजमानांनी लिहून ठेवलेली ठोस तक्रार, ही ती कारणे. नाव, आडनाव, उच्चार, भाषा, पासपोर्ट, चेहरा किंवा आईवडील कुठून आले, यांतले काहीही कारण होऊ शकत नाही. नागरिकत्व आणि मूळ देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा. ज्याचा जन्म आणि पासपोर्ट तुमच्याच देशाचा आहे, त्यालाही नुसत्या आडनावावरून ‘बाहेरचा’ ठरवले जाते, आणि तोही भेदभावच असतो.

मोठ्या बुकिंग संकेतस्थळांचे याबाबत लेखी नियम आहेत. एअरबीएनबीने २०१६ मध्ये भेदभावविरोधी धोरण आणले. वंश, धर्म, मूळ देश यांवरून कुणाला वेगळी वागणूक देणार नाही, ही हमी दिल्याशिवाय तिथे यजमानही होता येत नाही आणि पाहुणाही. केवळ नकार देणे एवढेच त्या नियमात येते असे नाही. एकाला वेगळ्या अटी घालणे, जास्त पैसे मागणे, किंवा लिस्टिंगमध्ये, म्हणजे संकेतस्थळावरच्या घराच्या जाहिरातीत, विशिष्ट लोकांना परतवून लावणारा मजकूर लिहिणे, हेही त्यात मोडते.

कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा हॉटेल-लॉजसारख्या मुक्कामाच्या ठिकाणी मूळ देशावरून भेदभाव करायला मनाई करतो. मालक स्वतः राहतो अशा इमारतीत भाड्याच्या खोल्या पाचपेक्षा जास्त नसतील तर त्या तरतुदीतून सूट आहे, पण राज्यांचे स्वतःचे कायदे आणि संकेतस्थळाचे नियम तिथेही लागू राहतातच. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात ‘वंश’ या शब्दाच्या व्याख्येतच राष्ट्रीयत्व आणि मूळ देश येतात. भारतीय राज्यघटनेच्या कलम १५ मधला दुसरा भाग हॉटेलसारख्या ठिकाणी प्रवेश देताना नागरिकांमध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवणूक करायला मनाई करतो. तुमचे घर जिथे आहे तिथला नियम पहिल्या बुकिंगच्या आधी वाचून घ्या.

हे सगळे कागदावरच राहते असे समजू नका. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या एका डोंगराळ गावात, हिमवादळ चालू असताना, वाटेत असलेल्या पाहुणीचे बुकिंग यजमानाने रद्द केले आणि ती आशियाई असल्याचे कारण मेसेजमध्ये चक्क लिहून दिले. संकेतस्थळाने त्या यजमानाला कायमचे काढून टाकले. राज्याच्या यंत्रणेसमोर झालेल्या तडजोडीत ५,००० डॉलर भरणे, माफी मागणे आणि आशियाई-अमेरिकी समाजाविषयीचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम पूर्ण करणे, हे त्या यजमान बाईच्या वाट्याला आले.

पायरी पहिली: घराचे माप घ्या

कुणी घर ‘घाण’ ठेवले हे ठरवायला आधी ‘नेहमीचे’ म्हणजे काय हे ठाऊक हवे. पहिल्या पाहुण्याआधी घर एकदा स्वतःच्या हाताने साफ करा आणि घड्याळ लावा. स्वयंपाकघर, बाथरूम, झोपण्याची खोली, बैठक यांची मिनिटे वेगवेगळी लिहा. मग दोन-तीन ओळखीच्या माणसांना दोन रात्री राहायला बोलवा, त्यांना कसलीही सूचना देऊ नका, आणि ते गेल्यावर पुन्हा वेळ मोजा. हा दुसरा आकडा तुमचा पाया. समजा तो दोन तास निघाला, तर अडीच तास लागले म्हणून तक्रार करण्यासारखे काही घडलेले नाही. चार तास लागले तर मात्र काहीतरी घडले आहे, आणि ते काय हे फोटोत दिसायला हवे.

साफसफाईचे शुल्क याच आकड्यावरून ठरवा आणि ते सर्वांना सारखेच लावा. माणसे वाढली की काम वाढते, म्हणून ठरावीक संख्येच्या पुढे दरमाणशी जादा रक्कम आकारणे रास्त आहे. मात्र ती लिस्टिंगमध्ये आधीच लिहिलेली असली पाहिजे. पाहुण्याचा देश कळल्यावर ‘जास्तीची अनामत’ मागितली की तुम्ही हद्द ओलांडलीच.

पायरी दुसरी: सवयींचा फरक घराने सोसला पाहिजे

ज्या गोष्टींवरून देशांची यादी मनात बनते, त्या जवळजवळ सगळ्या पाणी, कागद, पादत्राणे आणि स्वयंपाकाचा वास या चार जागी येतात. लोक लहानपणापासून ज्या बांधणीच्या घरात वाढतात, तसे त्यांचे हात वळतात. ज्याच्या घरी पूर्ण बाथरूमची फरशी पाणी ओतून धुतली जाते, त्याला बाथरूमचा अर्धा भाग कोरडा ठेवायचा असतो हे सांगितल्याशिवाय कसे कळणार? ज्याच्या गावी कागद फ्लश केला की पाइप तुंबतो, तो कागद डब्यातच टाकणार. त्याच्या दृष्टीने तीच स्वच्छता आहे. म्हणून लोकांना दोष देण्याआधी घरात हे बदल करून घ्या. आमच्या मते नव्या यजमानाने सर्वांत जास्त पैसा आणि डोके इथेच घालावे.

बाथरूमपासून सुरुवात करा. फरशीला मोरीकडे उतार हवा, एका मीटरमागे साधारण एक ते दोन सेंटीमीटर. तो आहे का हे बघायला तांब्याभर पाणी दाराजवळ ओता. पाच मिनिटांनी डबके उरले तर दोष बांधकामाचा आहे, आणि त्या डबक्यावरून पाहुण्याला खराब रिव्ह्यू देणे हा अन्याय आहे. उतार दुरुस्त करणे शक्य नसेल तर शॉवरभोवती पडद्याऐवजी काच किंवा बुटका ओटा बांधा, भिंतीवर हाताशी येईल असा रबरी वायपर टांगा, आणि दाराबाहेर पाणी शोषणारे पायपुसणे ठेवा. वायपर कपाटात ठेवला तर कुणी वापरत नाही. तो नळाशेजारी, डोळ्यांसमोर हवा. लाकडी चौकटीचा खालचा भाग पाण्याने फुगतो, तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा सिलिकॉन लावून घ्या. एक्झॉस्ट फॅन अंघोळीनंतर २० मिनिटे चालू राहील असा टायमर बसवला की बुरशीच्या तक्रारी बऱ्याच घटतात. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. ती मोजणारे छोटे यंत्र सहज मिळते.

संडासात जेट स्प्रे बसवा. पाण्याने धुण्याची सवय असलेला पाहुणा तो नसेल तर बाटली किंवा ग्लास वापरतो आणि सगळीकडे पाणी सांडते. स्प्रेच्या आधी अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायची छोटी तोटी, हवाच, कारण पाइपवर चोवीस तास दाब राहिला की तो एके दिवशी फुटतो. सोबत कागदही ठेवा आणि पायाने उघडणारा झाकणाचा छोटा डबाही. कागद फ्लश करायचा की डब्यात टाकायचा, हे तुमच्या घराची सांडपाण्याची लाइन ठरवते, त्यामुळे सूचना तुम्हीच द्यायला हवी. ती बसल्यावर समोर दिसेल अशा उंचीवर, चित्रासह लावा. सीटवर बुटांचे ठसे दिसले तर वैतागून काही उपयोग नाही. उकिडवे बसायची सवय असलेल्यासाठी कमोडसमोर बुटके पायपाट ठेवा, आणि चित्रात सीटवर उभे राहू नये कारण ती तुटून इजा होते, असे कारणासह दाखवा. कारण कळले की माणसे ऐकतात.

दारात चपला काढायला सांगायचे असेल तर आत शिरल्या शिरल्या बसायला बाक, चपलांचे कपाट आणि तीन-चार मापांच्या घरातल्या सपाता ठेवा. ‘चपला काढा’ अशी पाटी लावून बसायला काही न ठेवणे म्हणजे थकलेल्या माणसाला एका पायावर उभे करणे. बरेच जण मग पाटी वाचूनही बूट घालूनच आत जातात.

वासावर यजमान सर्वांत जास्त चुकतात, कारण त्यात परक्या अन्नाविषयीचा मनातला दुजाभाव सहज लपतो. तळण, फोडणी, भाजणे यांत तेलाचे बारीक कण हवेत उडतात आणि पडदे, सोफा, ओट्यावरच्या कपाटांचा माथा यांवर बसतात. वास त्या कणांचा असतो. हा प्रकार कुठल्याही देशाच्या स्वयंपाकात घडतो. नाकाला सवय असलेला वास आपल्याला ‘जेवणाचा’ वाटतो आणि नसलेला ‘घाणीचा’, एवढाच काय तो फरक. बंदोबस्त असा: चिमणीचा धूर नळीने बाहेर जात असेल तर उत्तम. हवा गाळून आतच सोडणारी चिमणी असेल तर तिची कोळशाची जाळी तीन ते सहा महिन्यांत बदला. धातूची जाळी दर महिन्याला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण यांत १५-२० मिनिटे भिजवून घासा. स्वयंपाकघराला दार असेल तर ते आपोआप बंद होईल असे करा. ओट्याजवळ जाड पडदे किंवा कापडी खुर्च्या ठेवू नका. स्वयंपाक सोसायचाच नसेल, तर स्वयंपाकघर देऊ नका आणि लिस्टिंगमध्ये तसे लिहा. स्वयंपाकघर द्यायचे आणि अमक्या प्रकारचे जेवण करू नका म्हणायचे, ही अट वरून स्वयंपाकाची दिसते, पण तिच्या आडून लोक निवडले जातात.

उरलेले पटकन सांगतो. मोरीच्या जाळीवर केस अडवणारी चाळणी. प्रत्येक उशीला झिपचे जलरोधक आवरण, म्हणजे केसांचे तेल आणि रंग आत मुरत नाही. मेकअप पुसायला गडद रंगाचे छोटे रुमाल, त्यावर चित्र किंवा एका शब्दाची शिलाई. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच, एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात. बॅगेसाठी धातूचा स्टँड.

पायरी तिसरी: नियम वस्तूंविषयी लिहा

घरनियम म्हणजे कृती, जागा आणि कारण. लोकांच्या स्वभावाविषयी त्यात शब्दही नको. ‘सुसंस्कृत कुटुंबांनीच यावे’, ‘स्वच्छतेची सवय असलेल्यांनाच प्राधान्य’, ‘आपल्याकडच्या पद्धतीने राहावे’ अशा ओळींतून नियम काहीच कळत नाही, पण कुणाला नको म्हटले आहे ते मात्र बरोबर पोहोचते.

त्याऐवजी: ‘अंघोळीनंतर वायपरने पाणी मोरीकडे ढकला. दाराची चौकट लाकडाची आहे.’ ‘स्वयंपाक करताना चिमणी चालू ठेवा आणि स्वयंपाकघराचे दार बंद ठेवा.’ ‘कचरा काळ्या डब्यात. निघताना पिशवी बांधून दाराबाहेरच्या पेटीत टाका.’ प्रत्येक नियम एका वाक्यात आटोपला पाहिजे. पाहुणे तो बहुधा यंत्रभाषांतरातून वाचणार आहेत, आणि लांब वाक्य, म्हण किंवा गमतीचा वाक्प्रचार भाषांतरात हमखास उलटा होतो. वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहा. एकूण दहा नियमांच्या वर जाऊ नका, आणि जिथे चित्र चालेल तिथे चित्रच लावा.

नियम तपासायची एक सोपी कसोटी आहे. तोच नियम तुमच्या सख्ख्या भावाने सहकुटुंब येऊन वाचला, तर त्याला लाज वाटेल का? वाटणार असेल तर शब्द बदला.

पायरी चौथी: विनंती आली की

सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. एक मजकूर तयार करून ठेवा: किती जण येणार, किती वाजता पोहोचणार, घरनियम वाचले का, पार्किंग लागेल का. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न गप्पांमध्ये कितीही गोड वाटला, तरी होकार देण्याआधी तो नकोच, कारण त्यानंतर दिलेला नकार त्या उत्तरालाच चिकटतो. शक्य असेल तर झटपट बुकिंगचा पर्याय चालू ठेवा. तुमच्या अटी पूर्ण करणारा कुणीही थेट बुक करतो आणि नाव वाचून अडखळण्याचा क्षणच येत नाही. एअरबीएनबीवर ऑक्टोबर २०१८ पासून पाहुण्याचा फोटो यजमानाला होकार दिल्यावरच दिसतो, तोही याच कारणासाठी.

परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे किंवा सरकारी संकेतस्थळावर करणे अनेक देशांत बंधनकारक आहे. भारतात ही नोंद २४ तासांत करावी लागते. हे दहा मिनिटांचे काम चेक-इनच्या यादीत घालून टाका. ‘कागदपत्रांची कटकट’ हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. कायद्याने लागते तेवढेच ओळखपत्र घ्या, आणि सर्वांकडून घ्यायचे ठरले असेल तर खरोखर सर्वांकडूनच घ्या.

नकार द्यावाच लागला तर खरे कारण एका ओळीत लिहा: ‘घराची क्षमता चार जणांची आहे, तुम्ही सहा जण आहात, म्हणून स्वीकारता येत नाही.’ तारखा मोकळ्या नाहीत असे सांगून तासाभराने त्याच तारखा दुसऱ्याला देणे, ही चूक नवे यजमान फार करतात. ते सगळे संकेतस्थळाच्या नोंदींत दिसते.

पायरी पाचवी: मुक्काम चालू असताना

काही बिघडताना दिसले तर तेव्हाच, त्याच दिवशी सांगा. मनात साठवून निघाल्यावर रिव्ह्यूत ओतू नका. मेसेजमध्ये तीन गोष्टी असाव्यात: काय दिसले, त्याने काय होते, काय करावे.

‘नमस्कार. बाथरूमबाहेरच्या लाकडी फरशीवर पाणी आल्याचे आज दुपारी दिसले. पाणी मुरले की ती फळी फुगते. अंघोळीनंतर भिंतीवरच्या वायपरने पाणी मोरीकडे ओढाल का? पायपुसणे भिजले असेल तर दुसरे कपाटात आहे.’

यात ‘तुमच्याकडे चालत असेल, पण इथे’ अशी सुरुवात नाही. तो एक तुकडा जोडला की उरलेला सगळा मेसेज वाया जातो, कारण वाचणाऱ्याला फरशी ऐकूच येत नाही, अपमान ऐकू येतो. घरात शिरून तपासणी करायला जायचे असेल तर आधी विचारा, आणि ज्या कारणासाठी एकाच्या घरात शिराल त्याच कारणासाठी दुसऱ्याच्याही. विशिष्ट पाहुण्यांवरच घिरट्या घालणे ही वेगळी वागणूकच झाली.

पायरी सहावी: पाहुणे गेल्यावर

कशालाही हात लावण्याआधी ठरलेल्या क्रमाने फोटो काढा. दारातून आत, प्रत्येक खोलीचे चार कोपरे, मग सिंक, शेगडी, फ्रिज, कमोड, शॉवर, गाद्या. प्रत्येक मुक्कामानंतर हे करा, ‘संशय’ आला म्हणून नव्हे. एरवी ज्यांच्याबद्दल मनात आधीच शंका आहे त्यांचेच फोटो गोळा होतात आणि मग तेच पुरावा वाटू लागतात.

दिसलेल्या गोष्टींचे तीन भाग पाडा. वापर: खरकटी भांडी, केस, चुरगळलेल्या चादरी, भरलेला डबा. हे साफसफाईच्या शुल्कातच येते. जादा घाण: वाळलेली उलटी, भिंतीवर डाग, जळालेली कढई, जमिनीवर पसरलेला कचरा. याला लागलेला जादा वेळ मोजा. नुकसान: तुटले, फाटले, जळले. जादा घाण आणि नुकसान यांसाठीच पैसे मागता येतात.

साफसफाईच्या दोन गोष्टी नवख्यांकडून सतत चुकतात. पहिली ब्लीचची. पाच-सहा टक्क्यांचे साधे ब्लीच एका लिटर पाण्यात २० मिलिलिटर घालावे. आधी साबणाने मळ काढा, कारण मळावर ब्लीचची ताकद वाया जाते. नंतर डब्यावर लिहिलेली मिनिटे ते ओले राहू द्या, लगेच पुसू नका. द्रावण रोज ताजे करा. संडास साफ करायचे आम्ल, व्हिनेगर किंवा अमोनियाचा क्लीनर त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. दुसरी डागांची. रक्त आणि दूध थंड पाण्याने, गरम पाण्याने ते कायमचे बसतात. तेलाला भांड्यांचा साबण लावून १५ मिनिटे थांबा. चादरी-टॉवेल ६० अंशांवर धुवा. वासासाठी सुगंधी फवारा मारू नका, तो वर बसतो आणि खालचे तेल तसेच राहते. खिडक्या समोरासमोर उघडा, कपाटांचे माथे आणि टाइल्स कोमट साबणपाण्याने वरून खाली पुसा, पडदे आणि सोफ्याची आवरणे धुवायला टाका.

ढेकणांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण यावरून परदेशी पाहुण्यांवर जितके खोटे आरोप होतात तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. ढेकूण कुठल्याही प्रवाशाच्या बॅगेतून, कुठल्याही दर्जाच्या हॉटेलमधून येतात. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण सहा ते दहा दिवस लागतात. म्हणजे आज गादीच्या शिवणीत पिल्ले आणि कातींचे पापुद्रे दिसले, तर ते एक-दोन रात्री राहून काल गेलेल्या पाहुण्याने आणलेले असण्याची शक्यता कमी. ते बहुधा आधीपासून होते आणि कालचा पाहुणा त्यांचा बळी होता. त्याला रागाने मेसेज करण्याऐवजी माफी मागा, त्याचे कपडे ड्रायरमध्ये कडक तापमानावर ३० मिनिटे फिरवायला सांगा, आणि खोली बंद करून जाणकार कीटकनियंत्रकाला बोलवा. प्रत्येक चेक-आउटनंतर टॉर्च घेऊन गादीच्या चारही शिवणी आणि पलंगाच्या माथ्यामागची फट बघायची सवय लावा. दोन मिनिटे लागतात.

सफाई करणाऱ्या मदतनिसांना यादी द्या ती वस्तूंची: सिंक, शेगडी, मोरी, गादी. त्यावर पाहुण्याचे नाव किंवा देश लिहू नका. ‘ही माणसं अशीच’ असा शेरा आला तर न रागावता एवढेच विचारा: नक्की कुठे, काय, किती वेळ लागला? उत्तर तुमच्या नोंदीत जाते आणि शेरा तिथेच थांबतो. सहयजमान तुमच्या खात्यावरून मेसेज पाठवत असेल तर त्याचे शब्द हे तुमचेच शब्द धरले जातात, त्यामुळे वरचे मजकूर त्यालाही द्या.

पायरी सातवी: भरपाई आणि रिव्ह्यू

एअरबीएनबीवर भरपाईची मागणी चेक-आउटनंतर १४ दिवसांत करावी लागते. रिव्ह्यूची मुदतही १४ दिवसांचीच, आणि दोन्ही बाजूंनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावर तो दिसतो. मागणीत आधीचा फोटो, नंतरचा फोटो, पावती आणि जादा तास जोडा.

रिव्ह्यू हा या सगळ्यातला सर्वांत जबाबदारीचा भाग. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे ६,४०० यजमानांना खोट्या पाहुण्यांच्या नावाने विनंत्या पाठवून एक प्रयोग झाला. नावावरून आफ्रिकी-अमेरिकी वाटणाऱ्यांना होकार मिळण्याची शक्यता १६ टक्क्यांनी कमी निघाली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तशाच प्रयोगात आणखी एक गोष्ट तपासली. एकही रिव्ह्यू नसलेल्या खात्यांमध्ये ही तफावत मोठी होती. एक चांगला रिव्ह्यू मिळताच ती जवळपास नाहीशी झाली. आणि पाहुण्याने स्वतःच ‘मी टापटीप आहे, मनमिळाऊ आहे’ असे लिहिले तर मात्र फरक पडला नाही. प्रयोग वंशाविषयीचा होता, पण परक्या नावाच्या पाहुण्याची अवस्था तीच असते. तो स्वतः कितीही सांगो, त्याच्या शब्दाला वजन येते ते तुम्ही लिहिलेल्या दोन ओळींनी. म्हणून चांगल्या मुक्कामानंतर रिव्ह्यू न चुकता लिहा. आळसाने तो राहिला तर त्या माणसाला पुढची दोन-तीन दारे बंद मिळू शकतात.

तक्रार असेल तर घडले तेवढेच लिहा. ‘या देशाचे पाहुणे असेच असतात, पुन्हा घेणार नाही’ असा रिव्ह्यू संकेतस्थळ काढून टाकू शकते, आणि तुमची खरी तक्रारही त्याबरोबर जाते. ‘शेगडी आणि भिंतीवर तेल राहिले होते, साफ करायला दीड तास जास्त लागला. मेसेजना उत्तर वेळेवर दिले, वेळेत निघाले’ असा रिव्ह्यू टिकतो, आणि पुढच्या यजमानाच्या उपयोगी पडतो.

पायरी आठवी: वही ठेवा आणि तिला खरे प्रश्न विचारा

प्रत्येक मुक्कामाची एक ओळ: रात्री किती, माणसे किती, लहान मुले होती का, स्वयंपाक झाला का, चेक-इन मध्यरात्री होते का, सफाईला मिनिटे किती, बिघडलेली वस्तू कोणती. देशाचा रकाना ठेवू नका. ठेवला तर काय होते ते आकड्यांत बघा.

समजा तुमच्याकडे ४० मुक्काम झाले, दहा देशांतून चार-चार. समजा लोकांमध्ये काहीही फरक नाही आणि कुठलाही मुक्काम घाण निघण्याची शक्यता दहात एक एवढीच आहे. तरीही दहांपैकी निदान एका देशाच्या चार मुक्कामांत दोन किंवा अधिक घाण निघण्याची शक्यता जवळजवळ ४२ टक्के येते. म्हणजे निव्वळ योगायोगाने, पाचांतल्या दोन यजमानांच्या वहीत एक तरी देश ‘निम्म्या वेळा घाण करणारा’ दिसेल. त्या यजमानाला ते अनुभवाचे बोल वाटतील, आणि तो ते इतरांना छातीठोकपणे सांगेल.

उरलेले रकाने मात्र खरे बोलतात. लांबून आलेला पाहुणा जास्त रात्री राहतो, म्हणून घरी स्वयंपाक करतो, कपडे धुतो, तीन पिढ्या बरोबर असतात. सफाईचा वेळ त्याने वाढतो. वही मुक्कामाच्या रात्रींप्रमाणे लावून बघा, मग माणसांच्या संख्येप्रमाणे. सातपेक्षा जास्त रात्रींच्या मुक्कामात बाथरूमची मिनिटे दुप्पट होत असतील तर उपाय समोरच आहे: आठवड्याच्या मध्ये एक सफाई ठेवा आणि ती सर्वांच्या दरात धरा. स्वयंपाकघरच वेळ खात असेल तर चिमणीकडे बघा.

दर सहा महिन्यांनी दिलेल्या नकारांची यादीही काढा. प्रत्येक नकारासमोर लेखी कारण आहे का, आणि तेच कारण असताना दुसऱ्या कुणाला होकार दिला होता का, हे तपासा. सहा माणसांच्या एका गटाला नाही म्हटले आणि सहा माणसांच्याच दुसऱ्या गटाला चालवून घेतले, असे सापडले तर आतापासून दोघांना एकच उत्तर द्या. एखाद्या पाहुण्याने भेदभावाची तक्रार केलीच, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. मेसेज, फोटो, वहीतली ओळ आणि सर्वांना पाठवलेला तोच मजकूर संकेतस्थळाकडे द्या. शब्द चुकला असेल तर ‘त्या वाक्याबद्दल माफ करा, ते तसे लिहायला नको होते’ एवढे त्याच दिवशी, त्यालाच लिहा, आणि तयार मजकुरातून ते वाक्य काढून टाका.